बार्नबोची ४२ नंबरची खोली

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. लेक नववीत आहे. इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी तिने महायुद्धात कारखान्यांत राबलेल्या बायका हा विषय घेतलाय. सासरे चंद्रपूरहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "हा त्यांचा इतिहास, आपला काय संबंध? झाशीच्या राणीवर लिही." तेव्हापासून पोर हिरमुसलीय. काय करावं?

उत्तर : ताई, विषय बदलू नका. ज्या गावात ती वाढतेय, त्याचा इतिहास तिचाही आहे. आणि तुम्ही तर लीड्सलाच राहता! तुमच्याकडच्या क्रॉस गेट्स भागाजवळ बार्नबोला पहिल्या महायुद्धात तोफगोळे भरायचा प्रचंड कारखाना होता. कामगारांत बहुतेक सगळ्या बायका. आसपासच्या गावांतून त्यांना आणायला खास गाड्या सुटायच्या. आत जाताना अंगावर धातू चालत नसे, केसातला आकडासुद्धा काढून ठेवायचा. टीएनटी या स्फोटकाने कातडी आणि केस पिवळे पडायचे, म्हणून लोक त्यांना कॅनरी, म्हणजे पिवळी पाखरं, म्हणत. त्यांना दूध मिळावं म्हणून कारखान्याने स्वतःच्या गायी पाळल्या होत्या.

५ डिसेंबर १९१६ च्या रात्री, दहा वाजून गेल्यावर, ४२ नंबरच्या खोलीत स्फोट झाला. ३५ जणी गेल्या. काहींची ओळख पटली ती फक्त गळ्यातल्या बिल्ल्यावरून. आणि थोड्याच वेळात दुसऱ्या बायका त्याच खोलीत कामाला उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रांत अवाक्षर नाही. खरी हकिगत लोकांपुढे आली ती युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी.

मुलीने ही एकच खोली धरावी. 'स्त्रिया आणि युद्ध' असा अख्खा डोंगर उचलायला गेली तर हाती विकिपीडियाच येईल. बाही सरसावलेल्या बाईचं पोस्टरही मुखपृष्ठावर नको. ते अमेरिकेतलं, दुसऱ्या महायुद्धातलं आहे. त्यापेक्षा रविवारी तिला क्रॉस गेट्सच्या स्मारकाकडे न्या, नावं तिच्या हाताने वहीत उतरवू द्या. वाक्यं मात्र तुम्ही लिहून देऊ नका.

आता सासऱ्यांचं. त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे. खाणीत जमिनीखाली बायकांनी काम करण्यावर हिंदुस्थानात १९३७ पासून पूर्ण बंदी होती. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तशी १९४३ मध्ये सरकारने ती उठवली, मध्य प्रांत-वऱ्हाडातही, म्हणजे चंद्रपूरकडेही, आणि १९४६ मध्ये पुन्हा लादली. इंग्लंडमध्येही १९१८ नंतर कारखान्यांतल्या बायकांना घरी पाठवलं. गरज सरो, वैद्य मरो, दोन्हीकडे तेच. हे प्रोजेक्टमध्ये बळेच कोंबू नका, शेवटी एक परिच्छेद पुरे.

पण पुढच्या कॉलला नातीलाच विचारू द्या, "आजोबा, चंद्रपूरकडे खाणीत उतरलेल्या बायकांबद्दल तुम्ही लहानपणी काही ऐकलं होतं का?" आणि वही तिच्या हातात असू द्या.