‘खोड-संकेतन’ की ‘लोप-संकेतन’?

वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहून सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या एका भगिनींनी शब्दांविषयी विचारणा केली आहे. आसपासच्या गावांतील वाचनालयांत असलेल्या नऊ संगणकांवर जुन्या पोथ्यांच्या आणि दप्तरांच्या स्कॅन प्रती विभागून साठवणारी प्रणाली त्या बांधत असून तिच्या एपीआयची, म्हणजे इतर प्रोग्रॅमरना वापरायला दिलेल्या फंक्शनांची, माहितीपुस्तिका मराठीत लिहीत आहेत. मजकुराचे तुकडे करून त्यांवरून काढलेले काही पूरक तुकडे सोबत ठेवायचे, म्हणजे काही तुकडे गेले तरी सगळा मजकूर परत मिळतो, अशा पद्धतीला ‘इरेजर कोडिंग’ म्हणतात; तिला त्यांनी ‘खोड-संकेतन’ म्हटले आहे आणि गेलेला मजकूर परत मिळवून देणाऱ्या सगळ्या फंक्शनांना ‘दुरुस्ती’ हे एकच नाव दिले आहे. हे बरोबर आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत, कारण पुस्तिका वाचून जो प्रोग्रॅमर फंक्शन वापरणार आहे त्याची या शब्दांमुळे खरोखरच दिशाभूल होईल.

या विद्येत ‘इरेजर’ला काटेकोर अर्थ आहे. पीटर इलायस यांनी 1955 मध्ये अशा संदेशमार्गाचा विचार मांडला, ज्यात काही चिन्हे पोहोचत नाहीत, पण कोणती पोहोचली नाहीत हे घेणाऱ्याला ठाऊक असते. पटवाऱ्याच्या नोंदवहीला पानांचे क्रमांक घातलेले असतील आणि चौदावे पान फाटून गेले असेल, तर वही उघडताच तेरानंतर पंधरा दिसते आणि काय गेले ते कळते. याउलट एखाद्या पानावर क्षेत्रफळाचा आकडाच चुकीचा उतरला असेल, तर वही पूर्ण दिसते आणि चूक कुठे आहे हे कोणालाच कळत नाही. पहिला प्रकार म्हणजे इरेजर, दुसरा म्हणजे त्रुटी. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी 1960 मध्ये मांडलेली पद्धत दोन्हींवर चालते, पण सारख्या ताकदीने नाही. सहा मूळ तुकड्यांना तीन पूरक तुकडे जोडले, तर नवांपैकी कोणतेही तीन गेल्याचे माहीत असताना सगळा मजकूर परत मिळतो. जागा माहीत नसलेली चूक मात्र एकाच तुकड्यापुरती सुधारता येते.

आता शब्द पाहू. ‘खोडणे’ या क्रियेत खोडणारा माणूस असतो आणि खोडलेला आकडा बहुधा रेघेखाली वाचताही येतो; येथे तर डिस्क आपोआप बिघडते आणि मागे काहीच उरत नाही. ‘पुसणे’ची अडचण आपल्या भागात आणखी वेगळी आहे, कारण ‘त्याले पुसून घे’ याचा अर्थ वऱ्हाडात ‘त्याला विचारून घे’ असाच होतो. मला ‘लोप’ हा शब्द सर्वांत नेमका वाटतो. ‘अदर्शनं लोपः’ असे पाणिनीने म्हटले आहे: जे असायला हवे ते न दिसणे म्हणजे लोप. शाळेच्या व्याकरणात ‘काही’ आणि ‘असा’ मिळून ‘काहीसा’ होताना ‘अ’चा लोप झाला असे आपण शिकलो, तेथेही काय गेले आणि कुठून गेले हे पक्के माहीत असते. म्हणून ‘लोप-संकेतन’ म्हणावे आणि गेलेल्या तुकड्याला ‘लुप्त तुकडा’ म्हणावे.

नाव असे ठेवले की एपीआयची मांडणीही सरळ होते. मजकूर परत मिळवणाऱ्या फंक्शनला ‘लोपसूची’, म्हणजे लुप्त तुकड्यांच्या क्रमांकांची यादी, द्यावीच लागेल हे वाचणाऱ्याला वेगळे पटवावे लागत नाही. प्रत्येक तुकड्यासोबत चेकसम, म्हणजे त्यातील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, का ठेवायचा, हेही त्यातूनच समजते. चेकसम जुळला नाही तर तो तुकडा टाकून देऊन त्याचा क्रमांक लोपसूचीत घालायचा. म्हणजे न कळणाऱ्या त्रुटीचे कळलेल्या लोपात रूपांतर होते आणि एकाऐवजी तीन तुकड्यांपर्यंतचे नुकसान सोसता येते.

‘संकेतन’ हा शब्द ठेवायला हरकत नाही, मात्र पुस्तिकेच्या आरंभी एक वाक्य घालावे. रिद्धपूरच्या परिसरात ‘संकेत’ म्हटले की महानुभावांची सकळ लिपी आठवते आणि ती मजकूर इतरांपासून राखण्यासाठी होती. येथे गुप्तता मुळीच नाही. नेहमीच्या मांडणीत सहा मूळ तुकडे जसेच्या तसे, कोणालाही वाचता येतील असे राहतात.

‘दुरुस्ती’विषयी माझा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण या एका नावाखाली दोन वेगळी कामे दडली आहेत. वाचकाने पोथी मागितली तेव्हा हाती असलेल्या तुकड्यांतून पूर्ण फाइल तयार करून देणे हे एक काम, त्याला ‘उलगडा’ म्हणावे. बंद पडलेल्या संगणकाच्या जागी नवा ठेवल्यावर त्याचा नेमका तुकडा पुन्हा तयार करून त्यावर ठेवणे हे दुसरे काम, त्याला ‘पुनर्बांधणी’ म्हणावे. पुनर्बांधणीत एकच तुकडा लिहायचा असतो, पण त्यासाठी सहा तुकडे वाचावे लागतात. एक जीबीचा तुकडा बांधायला सहा जीबी मजकूर गावागावांतून ओढून आणावा लागतो. हा खर्च फंक्शनच्या नावातून जाणवला पाहिजे. मायक्रोसॉफ्टने अझ्युअर या आपल्या क्लाउड सेवेसाठी योजलेल्या पद्धतीत बारा मूळ तुकड्यांचे दोन गट करून प्रत्येक गटाला स्वतःचा एक पूरक तुकडा दिला आणि सगळ्यांसाठी मिळून आणखी दोन ठेवले, ते याचसाठी. एक मूळ तुकडा गेला तर बाराऐवजी सहाच वाचून भागते. कोणते तुकडे लागतील हे पद्धतीवर अवलंबून असल्यामुळे ‘आवश्यक तुकडे’ असे तिसरे फंक्शन असावे. त्याला लोपसूची दिली की त्याने फक्त क्रमांक सांगावेत आणि मजकूर त्यानंतरच मागवावा. लिबइरेजरकोड या इरेजर कोडिंगच्या तयार फंक्शनांच्या लायब्ररीत अशी सोय आहे.

प्रश्नात नसलेला, पण आपल्याकडे हमखास अडणारा एक भेद राहतो. लाईन गेली म्हणून एखाद्या वाचनालयाचा संगणक उत्तर देत नसेल, तर उलगड्याच्या दृष्टीने त्याचा तुकडा नाहीच, पण तो लुप्त झालेला नसतो. अनेक संगणकांवर फाइली विभागून साठवणाऱ्या हडूपच्या फाइल प्रणालीत मूळ मांडणीप्रमाणे साडेदहा मिनिटे संपर्क नसला की तो संगणक मेला असे धरून पुनर्बांधणीची तयारी सुरू होते. मोठ्या डेटा सेंटरमध्ये ही मुदत ठीक आहे, परंतु उन्हाळ्यात दुपारभर वीज नसलेल्या गावात तीच मुदत ठेवली तर रोज विनाकारण सहा-सहा तुकड्यांची ओढाताण होईल. म्हणून तुकड्याच्या स्थितीसाठी ‘आवाक्याबाहेर’ आणि ‘लुप्त’ अशी दोन मूल्ये ठेवावीत. उलगड्याच्या लोपसूचीत दोन्ही यावीत, पुनर्बांधणीच्या सूचीत फक्त दुसरे यावे, आणि पहिल्याचे दुसरे कधी समजायचे ती मुदत प्रत्येक वाचनालयासाठी वेगळी, तासांत देता येईल अशी असावी.