गणित मात्र सोडू देऊ नका

प्रश्न : आम्ही माण तालुक्यातले, शेती पावसावर. मुलगी अकरावी सायन्सला आहे. लहानपणापासून अंगणात डबा ठेवून पाऊस मोजते, वहीत लिहिते. हवामानाचं शिकायचं म्हणते. पण गणित जड जातं, ते सोडून भूगोल घेऊ का असं विचारते. पुढे नोकरी मिळते का? – एक आई

उत्तर : ताई, भूगोल जरूर घेऊ द्या, पण गणिताच्या बदल्यात नको.

तुमच्या शिवारात पाऊस का आला नाही, याचं उत्तर शिवारात सापडत नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, खाली वाईला १,०००सुद्धा नाही. माण तर आणखी पूर्वेला. हे झालं डोंगराचं. तिकडे पेरूच्या किनाऱ्याकडचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, म्हणजे अल निनो आला, की आपल्याकडे बहुतेकदा पाऊस ओढ देतो. बहुतेकदाच, कारण १९९७ साली अल निनो फार जोराचा होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागर आफ्रिकेच्या बाजूला तापलेला आणि इंडोनेशियाच्या बाजूला गार होता. त्यानेच मान्सूनला हात दिला, असं शास्त्रज्ञ मानतात.

हे धागे नुसत्या नजरेला दिसत नाहीत. गिल्बर्ट वॉकर १९०४ साली भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले, ते मुळात केंब्रिजचे गणिती. दुष्काळाची चाहूल आधी लागावी म्हणून त्यांनी जगभरच्या ठाण्यांवरचे हवेच्या दाबाचे आणि पावसाचे आकडे शेजारी शेजारी मांडले. सगळे हिशेब हाताने! त्यातून दिसलं, की प्रशांत महासागरावर दाब चढतो तेव्हा हिंदी महासागरावर उतरतो, झोपाळ्यासारखा. म्हणून गणितासाठी एवढं सांगतोय.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठेवा. मग जवळच्या कॉलेजात फिजिक्स किंवा मॅथ्समध्ये बीएस्सी आणि पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी, ही वाट तुमच्या खिशाला झेपेल. आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेची प्रवेश परीक्षाही द्यायला लावा. संशोधनात जायचं ठरलं तर पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहेच. सरकारी जागा मोजक्या निघतात, हे लपवत नाही. पण पीकविमा, पवनचक्क्या, खासगी हवामान सेवा यांनाही अशी माणसं लागतात.

आणि ती वही जपा. तिला सांगा, डबा सरळ उभ्या कडांचा घे, झाड-भिंतीपासून लांब ठेव आणि रोज सकाळी साडेआठला मोज; हवामान खात्याची नोंदही त्याच वेळेची असते. महिन्याची बेरीज, पाच वर्षांची सरासरी तिची तिने काढावी. स्वतःच्या आकड्यांचं गणित तितकं जड जात नाही. पाऊस झाला नाही त्या दिवशीही शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही.