गेल्या दोन-तीन वर्षांतले वेगवेगळ्या धाटणीचे कोणते मराठी सिनेमे पाहण्यासारखे आहेत?

एकच पाहायचा असेल तर 'वाळवी' (2023). परेश मोकाशींचा हा सिनेमा थरारपट आहे आणि विनोदीही. खून आत्महत्या वाटावा असा बेत ठरतो आणि पुढे जो घोळ होतो, त्यात आपण हसतो आणि हसल्याबद्दल जरा ओशाळतोही. स्वप्नील जोशीच्या 'चॉकलेट हिरो' प्रतिमेचा इतका खट्याळ वापर मी आधी पाहिला नव्हता. शेवट कुणाकडूनही ऐकू नका.

भीतीच्या प्रकारात 'जारण' (2025). करणी खरी की मनाचा आजार, हा प्रश्न अमृता सुभाष चेहऱ्यावर तोलून धरते. दचकवण्यापेक्षा अस्वस्थ करण्यावर भर आहे, ते मला भावलं.

'दशावतार'मध्ये ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर आहेत. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल. उत्तरार्ध मात्र भडक झालाय. कोकणातल्या दशावतार या लोकनाट्याचं जग आणखी थोडा वेळ दाखवायला हवं होतं.

'साबर बोंडं' संथ आहे, मोबाईल बाजूला ठेवून पाहा. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, यांची हळुवार प्रेमकथा. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तरी आमच्या थिएटरात आम्ही मोजून नऊ जण होतो.

'बाईपण भारी देवा' आईसोबत पाहिला. मला ठीकठाक वाटला, आई दोनदा जाऊन आली.

ऐतिहासिकपटांना सध्या माझा रामराम. घोषणा जास्त, माणसं कमी.