मांजराचे डोळे : घरातली बाटली आधी वाचा

प्रश्न : दीड वर्षाच्या बोक्याचा उजवा डोळा दोन दिवसांपासून अर्धा मिटलेला आहे, सारखं पाणी येतं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप उरलेत. ते टाकले तर चालतील का? (महाल)

उत्तर : नाही. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. मोतीबिंदूनंतर बहुधा तसलेच ड्रॉप देतात. बोक्यांच्या मारामारीत नख लागून कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, ओरखडा येतो. त्यावर स्टेरॉइड पडलं की जखम भरत नाही, जंतूंचं फावतं आणि काचेला भोकही पडू शकतं. डॉक्टर फ्लुरेसीन नावाच्या रंगाची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवतात. निळ्या उजेडात जखम हिरवीगार चमकते. पाच मिनिटांचं काम आहे, त्यामुळे ही तपासणी न करताच कुणी स्टेरॉइड लिहून दिलं तर जरूर विचारा. आणखी एक, अर्धा मिटलेला डोळा म्हणजे दुखणारा डोळा. अजून दाखवला नसेल तर आजच दाखवा, तोवर बोका पंजा मारत असेल तर गळ्यात कॉलर (पंजा डोळ्यापर्यंत पोहोचू न देणारी, शंकूसारखी) घाला. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल मात्र देऊ नका. पाव गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

प्रश्न : दुकानाच्या गोडाऊनमध्ये मांजरीची तीन पिल्लं आहेत, साधारण तीन आठवड्यांची. डोळे चिकटून बंद झालेत, शिंकाही येतात. चहाच्या पाण्याने पुसतो आहोत. (इतवारी)

उत्तर : चहा, मध, गुलाबजल सगळं बंद. मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची 100 मिलीची बाटली आणा, लागेल तेवढं वाटीत घेऊन कोमट करा. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात, म्हणून गॉझ वापरा. ओला गॉझ मिटलेल्या डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसता ठेवा. पापडी मऊ होऊन आपसूक सुटते. कोरडी ओढली तर केसांसकट कातडी निघते. मग नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा आणि तो तुकडा फेका. दुसऱ्या डोळ्याला नवा तुकडा, दुसऱ्या पिल्लाआधी हात धुवा. असं दिवसातून तीन-चार वेळा करा. पापणी फुगून टम्म झाली असेल तर आत पू साचलाय, त्याच दिवशी दवाखाना गाठा. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही नेता येईल.

शिंका आणि डोळे एकत्र आले की बहुधा मांजरांचा हर्पिस विषाणू असतो. माणसाला तो लागत नाही, पण मांजराच्या अंगात जन्मभर दडून बसतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं की पुन्हा डोकं वर काढतो. नाक चोंदल्यामुळे वास येत नाही, म्हणून पिल्लं खात नाहीत. खाणं कोमट करून द्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा, दिवसाला साधारण 10 ग्रॅम वाढ हवी. डॉक्टरांनी दिलेलं औषध डोळ्यात घातल्यावर तोंडाला फेस आला तर घाबरू नका. ड्रॉप अश्रुनळीतून घशात उतरतो आणि कडू लागतो, एवढंच. दोन वेगवेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी. बाटलीचं तोंड डोळ्याला लागता कामा नये.

प्रश्न : पर्शियन मांजरीच्या डोळ्यांखाली तपकिरी डाग पडतात. (धरमपेठ)

उत्तर : चपट्या चेहऱ्यात अश्रुनळी मुरडलेली असते, पाणी बाहेर ओघळतं आणि त्यातल्या रंगद्रव्यामुळे केस रंगतात. रोज सलाइनने पुसून कोरडं करा. उन्हाळ्यात तिची जागा कूलरच्या थेट झोतात नको. बुबुळावरच तपकिरी-काळा ठिपका दिसला तर ते वेगळं प्रकरण आहे. तो कॉर्नियाचा मेलेला भाग असू शकतो आणि बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते.

प्रश्न : तेरा वर्षांची मांजर अचानक भिंतीला धडकू लागली. बाहुल्या उजेडातही मोठ्याच राहतात. म्हातारपण असावं का? (मनीषनगर)

उत्तर : म्हातारपण असं एका रात्रीत येत नाही. मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या आजारात रक्तदाब वाढून डोळ्याच्या आतला पडदा सुटतो. आजच रक्तदाब मोजून घ्या. लवकर गोळी सुरू झाली तर कधी कधी थोडी नजर परतते. तोवर खाण्याचं ताट आणि शी-शूचा ट्रे नेहमीच्या जागेवरून हलवू नका.