चंद्रावर गेलेली माणसं एकेक करून जातायत. फोटो, व्हिडिओ सगळं असताना त्यांच्या जाण्याने नेमकं काय हरवतं?

माहिती म्हणाल तर फार नाही हरवत. उलट कधीकधी माणसापेक्षा टेपच खरी निघते. चंद्रामागून पृथ्वी वर येतानाचा तो प्रसिद्ध फोटो घ्या, नासाच्या अपोलो ८ या चांद्रमोहिमेतला, डिसेंबर १९६८ मधला. यानातले अंतराळवीर फ्रँक बोरमन कितीतरी वर्षं सांगायचे की तो मी काढला, पण यानातलं रेकॉर्डिंग नीट ऐकल्यावर कळलं की कॅमेरा त्यांचे सहकारी बिल अँडर्स यांच्या हातात होता. बोरमन २०२३ मध्ये गेले, अँडर्स २०२४ मध्ये (वयाच्या नव्वदीत एकटेच विमान उडवत होते, ते कोसळलं, काय माणूस असेल!) आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिसरे, जिम लव्हेल गेले, म्हणजे त्या यानातलं आता कोणीच नाही. फोटो आहे तिथेच आहे.

मग हरवतं काय, तर समोर बसवून विचारायची सोय. अपोलो १७ च्या वेळी, १९७२ मध्ये, सर्नन आणि श्मिट यांनी चंद्राच्या मातीत नळी ठोकून एक नमुना काढला होता, तो नासाने मुद्दाम बंदच ठेवला, म्हटलं पुढे चांगली मशिन्स येतील तेव्हा उघडू. त्याचा एक भाग २०१९ मध्ये उघडला, दुसरा २०२२ मध्ये. आणि अभ्यास करणाऱ्या टीममध्ये कोण, तर स्वतः हॅरिसन श्मिट! चंद्रावर चाललेल्या बारा जणांतले ते एकटेच पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ. आसपास उतार कसा होता, नळी ठोकताना माती कशी लागली, हे तेव्हा जो तिथे हजर होता त्यालाच विचारता आलं, पन्नास वर्षांनी. ही चैन पुढच्या पिढीला नाही मिळणार, कारण लव्हेल गेले तेव्हा बारापैकी चौघंच हयात होते आणि चौघंही नव्वदीच्या घरातले किंवा त्यापुढचे.

एरिक जोन्स नावाच्या माणसाने हे वेळेत ओळखलं. त्याने चंद्रावर चाललेल्या बऱ्याच जणांसोबत बसून त्यांचं चंद्रावर असतानाचं रेडिओवरचं बोलणं ओळीओळीने वाचून काढलं, इथे का थांबलात, हे कशाबद्दल बोलताय, हसलात का, असं सगळं विचारलं. ते नेटवर फुकट आहे, इंग्रजीत आहे, पण वाचाच. मला तरी कुठल्याही श्रद्धांजलीच्या पोस्टपेक्षा ते हजारपट जास्त आवडतं. जिम अर्विन मात्र १९९१ मध्येच गेले, बारांतले पहिले, त्यामुळे त्यांच्या वाट्याची उत्तरं तशी तुटपुंजीच राहिली.

आता आपल्याकडचं. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयूझ टी-११ या सोव्हिएत यानातून अंतराळात गेले, सल्यूत ७ या अंतराळस्थानकावर राहिले, आठवडाभराहून थोडं जास्त. चाळीस वर्षं झाली तरी दर मुलाखतीत आपण त्यांना इंदिरा गांधींना दिलेलं तेच एक उत्तर परत म्हणायला लावतो, बिचारे कंटाळले असतील. अहो, त्या माणसाने वर योगासनांचा प्रयोग केला, वरून भारताचे फोटो काढले, त्याआधी मॉस्कोजवळच्या स्टार सिटी या अंतराळवीरांच्या ट्रेनिंग सेंटरात रशियन शिकून ट्रेनिंग घेतलं. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत घडलेला माणूस आहे. कोणाला संधी मिळालीच तर त्यांना विचारा, वजनच नसताना आसन टिकवायचं कसं, आणि बॅकअपला असलेले रवीश मल्होत्रा, ज्यांचं नाव कोणाला आठवत नाही, त्यांच्याशी उड्डाणाच्या आदल्या रात्री काय बोलणं झालं.