घसाऱ्यावर टिकणारे बूट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरात बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा बेत आहे. घोटा झाकणारे बूट घ्यावेत की साधे ट्रेकिंग शूज? शिवाय दर ट्रेकला उतरताना माझ्या अंगठ्यांची नखं काळी पडतात. या वेळी एक नंबर मोठा घेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी नखांचं पाहू. बूट आखूड असेल तर अंगठा समोर आपटतोच. पण बूट मोठा असून टाच सैल असेल, तर अख्खा पाय पुढे घसरतो आणि अंगठा तरीही आपटतो. त्यामुळे नुसता नंबर वाढवून भागणार नाही.

दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. ट्रेकला घालता तेच मोजे घालून जा. लेस न बांधता पाय पुढे सरकवून अंगठा टेकवा. टाचेमागे एक बोट जेमतेम जायला हवं. दोन बोटं गेली तर बूट मोठा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा. मग लेस आवळून दुकानाचा जिना चार-पाच वेळा उतरा, प्रत्येक पायरीवर पाय मुद्दाम जोरात पुढे दाबा. बोटं टेकली की तो बूट बाजूला ठेवायचा, कितीही सवलतीत मिळत असला तरी. जिना चढताना टाच किंचित उचलली गेली तर चालेल. ती घासत असेल तर दुसऱ्या दिवशी फोड ठरलेला.

टाच जागेवर धरायचं काम लेसचं. वरची शेवटची दोन भोकं राहिली की लेस आडवी न नेता त्याच बाजूच्या वरच्या भोकात सरळ घाला, म्हणजे दोन्हीकडे एकेक फासा तयार होईल. डावं टोक उजव्या फाशातून, उजवं डाव्यातून काढून खाली ओढा आणि गाठ मारा. चढताना हे थोडं सैल, उतरण्याआधी थांबून पुन्हा घट्ट. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. आदल्या रात्री फार खोल कापलेली नखं वाटेत ठणकतात.

आता घोट्याचं. घोटा झाकला म्हणजे मुरगळणार नाही, ही समजूत खरी नाही. उंच बुटाचा खरा उपयोग धोंड्यांची टक्कर आणि आत शिरणारी खडी अडवायला होतो, आणि नळीची वाट म्हणजे धोंड्यांचंच राज्य. उलट कातळटप्प्यावर पाऊल वाकायला हवं, चवड्याखालचा खाचखळगा जाणवायला हवा. पाठीवर सात-आठ किलो असतील तर पुढे रबराची टोपी असलेले साधे शूज पुरतील. दोर, तंबू, भांडी धरून बारा-पंधरा किलो होत असतील तर मध्यम उंचीचे बूट बरे.

कुठलाही बूट हातात घेऊन दोन्ही टोकांनी पिळून बघा. फडक्यासारखा पिळला गेला तर दगडांवर तळवा भरून येईल. तो चवड्यापाशी वाकावा, मधे मोडू नये. सोलची नक्षी चार-पाच मिलिमीटर खोल असावी आणि टाचेचा भाग वेगळा, कड असलेला असावा. पावसाळा सरल्यावर मुरूम आणि वाळलेलं गवत यांवरून पाय सटकतो तेव्हा तीच कड रुतवून उभं राहता येतं.

प्रश्न : पावसाळी ट्रेकसाठी वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सह्याद्रीत नको. इथे पाणी बुटाच्या कापडातून येण्याआधी वरून येतं : ओढा गुडघाभर, पँटवरून ओघळणारा पाऊस. एकदा आत गेलं की वॉटरप्रूफ बूट ते बाहेर जाऊ देत नाही. जाळीच्या कापडाचे शूज भिजतात, पण चालता चालता पाणी टाकतात. मोजे सुती नकोत, लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या आणि एक कोरडी जोडी पिशवीत बांधून ठेवा. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणताही सोल भरवशाचा नाही. तिथे पाय खाचेत ठेवायचा, नाहीतर दोर लावायचा.

प्रश्न : चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेले, फारसे न वापरलेले बूट माळ्यावरून काढले आणि तासाभरात सोल सुटला. चिकटवून चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सुटलेल्या जागी बोटाने खरवडा. भुगा पडला तर वरचा बूट आणि रबर यांच्यामधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने कुजला आहे. हे न वापरताही होतं, बंद डब्यात तर हमखास. अशा भुग्यावर सोल्युशन धरत नाही, शिवणही धरत नाही. नवा सोल बसवणारा कारागीर मिळाला तर ठीक, नाहीतर बूट टाका. भुगा न पडता थर टणक असेल आणि फक्त गोंद सुटला असेल, तर सोल्युशन लावून कडेने शिवून घ्या.

पुढच्या वेळी भिजलेले बूट उन्हात किंवा चुलीपाशी ठेवू नका, उष्णतेने गोंद ढिला होतो. आतला पातळ तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला आणि पंख्याखाली वाळवा. ट्रेकला दोन मीटर जाड दोरी जवळ असू द्या. सोल सुटलाच तर तळव्याच्या पोकळ भागाखालून, टाचेच्या पुढून बांधा. तिथे दोरी दगडाला कमी घासते.