लॅपटॉप दुरुस्तीला देणार असाल तर आधी हे वाचा (पाळणाघरवाल्यांसाठी)

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. लॅपटॉप कालपासून सुरू होत नाही, पाळणाघराचं सगळं त्यातच आहे (मुलांचे फॉर्म, फीचा हिशेब, कोणाला कशाची अॅलर्जी ते), उद्या सकाळी सर्व्हिस सेंटरला देणार आहात, आणि शेवटी लिहिलंय की "क्लाउड आहे, त्यामुळे बहुतेक काळजी नाही." ते "बहुतेक" काही वर्षांपूर्वी माझंही होतं.

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. पाळणाघर चालवते आणि एकदा चांगलीच पोळलेय, एवढीच माझी पात्रता. कोणी जाणकार इथे असेल तर चुकलेलं खुशाल दुरुस्त करा. बॅकअप घ्यावा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हालाही माहीत आहे आणि तेव्हा मलाही माहीत होतं.

माझा लॅपटॉप असाच एका सकाळी कंपनीच्या लोगोवर अडकला. गोल फिरतंय, फिरतंय, पुढे काही नाही. मुलं यायला लागली होती, म्हणून मदतनीस बाईंवर सोपवून मी तशीच सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, प्रॉब्लेम काय? मी सांगितलं. मग विचारलं, "आतला डेटा राहील ना?" तो फॉर्म भरता भरता म्हणाला, "राहतो शक्यतो." मी तो "शक्यतो" ऐकला, पण मनात "राहतो" एवढंच नोंदवलं. त्याने फॉर्म माझ्याकडे फिरवला, बोट ठेवलं तिथे मी सही केली. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची. ते मी घरी येऊन पावती नीट बघितल्यावर वाचलं.

दुसऱ्या दिवशी आणायला गेले तर त्याने मोठ्या उत्साहाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "एकदम फ्रेश झालाय!" कोरा निळा वॉलपेपर आणि कोपऱ्यात एकटा रिसायकल बिन. मी विचारलं, माझे फोल्डर? तर म्हणे विंडोज नव्याने टाकलंय, डिस्क फॉरमॅट करावी लागली. करावी लागली म्हणजे काय? डिस्क ठणठणीत होती, बिघडलं होतं फक्त विंडोज. ती काढून दुसऱ्या मशीनला लावली असती तर अर्ध्या तासात फाइल्स कॉपी झाल्या असत्या. पण त्यांच्या दृष्टीने "लॅपटॉप सुरू करून देणे" हे काम होतं आणि ते त्यांनी केलं. भांडले तर पावतीवरची माझीच सही मला दाखवली. वर रिकव्हरीचं कुठलं तरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकून चालवलं. निघालं काय, तर नावं हरवलेल्या शेकडो फाइल्स, आणि एकही उघडेना.

नंतर एका डेटा रिकव्हरीवाल्यांकडे गेले. ते सरळ होते, बघितलं आणि नाही म्हणाले. कारण समजावलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद), आपल्याला पत्ताही नसतो. नवीन विंडोज टाकताना ती डिस्क पुसली की तिच्यावरची जुनी किल्लीही गेली, मागे उरतो तो निव्वळ कचरा. शिवाय एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपची डिस्क) असेल तर पुसलेल्या जागा विंडोज तिला कळवतं आणि ती आतून साफ करते, त्या कळवण्याला ट्रिम म्हणतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेलं, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तरी निघण्याची आशा असते.

आता "क्लाउड आहे" याबद्दल. माझंही होतं. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सिंक होत होते (म्हणजे आपोआप क्लाउडशी जुळवले जात होते). पण रजिस्टर आणि फीचं शीट मी सवयीने डी ड्राइव्हवर ठेवायची, आणि तिकडे सिंकचं लक्षच नव्हतं. क्लाउडवरून परत मिळालं काय? गॅदरिंगचे फोटो आणि एका रजेचा अर्ज. म्हणून आज रात्रीच फोनवरून क्लाउडमध्ये जा आणि हवी ती फाइल डोळ्यांनी बघा. नुसतं नाव दिसून उपयोग नाही, उघडून शेवटची नोंद कुठल्या तारखेची ते पाहा. सिंकला बॅकअप समजू नका. इथून डिलीट केलं की तिथूनही जातं. गूगल ड्राइव्हच्या बिनमधली फाइल 30 दिवसांनी कायमची जाते, आणि पाळणाघरात जून महिन्यातला फॉर्म कोण जुलैत उघडून बघतं?

उद्याचं सांगते. काउंटरवर पहिलं वाक्य हे म्हणा: "डेटा काढून दिल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही," आणि ते फॉर्मवर त्यांच्याकडून लिहून घ्या. लिहायला नाही म्हणाले तर लॅपटॉप उचला आणि निघा. संकोच करू नका, मी संकोच केला होता. त्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यात फोनवरून लॉगिन करून बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) 48 आकडी रिकव्हरी की मिळते का पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ती मागितली जाते, आणि तेव्हा नसेल तर चांगली डिस्कही बंद तिजोरी. डिस्क सुटी निघत असेल तर यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच बसवलेली असते, तिथे हे जमत नाही. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) सुरू करून फाइल्स कॉपी करतात, पण ते माहितगार माणसाकडूनच करून घ्या. तिथे "इन्स्टॉल"चं बटण दाबलं गेलं की सगळंच मुसळ केरात.

एक अपवाद. आतून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर डिस्कच बिघडत असू शकते, मग पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, एकदाही नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका.

समजा सगळं गेलंच, तरी हातपाय गाळू नका. माझं निम्म्याहून जास्त परत मिळालं ते लॅपटॉपबाहेरून. सगळ्यात मोठा खजिना ईमेलचा सेंट फोल्डर. पालकांना पाठवलेल्या पावत्या, नियमावली, कोरे फॉर्म, सगळं तिथे होतं. मग फोनच्या डाउनलोड्समध्ये, व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून गेलेल्या फाइल्समध्ये शोधा. (व्हॉट्सअॅपवर साधे म्हणून पाठवलेले फोटो आकसलेले असतात, फॉर्मचा फोटो काढून पाठवला असेल तर अक्षरं लागतीलच असं नाही.) फीचा हिशेब मी पालकांकडच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून जुळवला. दोन आठवडे मुलं गेल्यावर रोज तेच.

पण पैशांपेक्षा जास्त घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दारात एक गृहस्थ. म्हणे मी मामा, आज मीच नेणार. मुलगी आतून "मामा!" म्हणून ओरडली, चपला घालायला लागली. आणि कोणाला सोडायचं त्या नावांची यादी लॅपटॉपसोबत गेलेली. त्यांना दारातच उभं केलं, आईला फोन लावला, तो तीनदा वाजून बंद. चौथ्यांदा उचलला. मामा खरेच होते, पण ती दहा मिनिटं मी विसरले नाही, तेही विसरले नसावेत. तेव्हापासून नेणाऱ्यांची नावं, अॅलर्जी, औषधं आणि दोन-दोन फोन नंबर हे छापून कपाटाच्या दाराला आतून लावलेलं असतं. आतून, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायला नको. महिन्याला बदलते आणि जुना कागद फाडून टाकते.

सध्या काय करते: शुक्रवारी शेवटचं मूल गेलं की बाहेरच्या डिस्कवर कॉपी. दोन डिस्क आहेत, आलटून पालटून, एक बहिणीच्या घरी असते. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवते. लावून ठेवली आणि रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) घुसलं तर तीही कुलूपबंद होते. दोन्ही डिस्कना पासवर्ड आहे, कारण लोकांच्या मुलांची माहिती आहे, आणि पासवर्ड नवऱ्यालाही माहीत आहे. महिन्यातून एकदा डिस्क त्याच्या मशीनला लावून कुठलीही एक फाइल उघडून बघते. हे मात्र सोडू नका. आमच्या ओळखीतल्या एकींच्या डिस्कवर वर्षभर शॉर्टकटच कॉपी होत होते, मूळ फाइल एकही नाही. आणि पेनड्राइव्हवर भरवसा नको. मुलांच्या हाती लागतो, माझा एक खेळण्यांच्या टोपलीत सापडला होता, चावलेला.

सोडून गेलेल्या मुलांची माहिती किती वर्षं ठेवायची हे तुमच्या परवान्याच्या नियमांत बघा, माझ्या म्हणण्यावर जाऊ नका.

उद्या निघण्याआधी एवढं इथे कळवा: बटण दाबल्यावर लोगो येतो की स्क्रीन पूर्ण काळीच राहते? आवाज येतो का? आणि फीचं शीट नक्की कुठल्या फोल्डरमध्ये होतं ते आठवतंय का? मी साडेनऊपर्यंत आहे, नंतर मुलं येतात.